पेनड्राइवला बांधलेलं सूत

दिवाळी उलटली होती. धान कापून शेताच्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या आणि कुडवा गावाच्या हवेत नव्या तांदळाचा असा वास दरवळत होता, की जेवून उठलेल्या माणसालाही पुन्हा भूक लागावी. गावोगावच्या मंडया, दिवाळीनंतरच्या जत्रा, भरत होत्या. त्या रविवारी पलीकडच्या गावची मंडई होती. भोंग्यावरचं गाणं वाऱ्याबरोबर अंगणात यायचं, तुळशीपाशी घुटमळायचं आणि परत जायचं. पण पुष्पाबाईच्या घरात मंडईचं नाव कोणी काढत नव्हतं. घरात नवा कॉम्प्युटर होता, आणि तो काही केल्या डोळे उघडत नव्हता.

दुकानातून उचलून आणलेला तो नव्हता. मुलगा मोहित आणि सून नीतू, दोघांनी तो घरीच जोडला होता. एकेक भाग खोक्यातून येत गेला, तसतसा पुष्पाबाईनं तो तळहातावर घेऊन पाहिला होता. हा याचा मेंदू, हा पंखा, ही याची आठवण.

"एवढीशी पट्टी?" तिनं विचारलं होतं. "याच्यात का मावते बापा?"

"तुमच्या माहेरचा सगळा तलाव मावते आई," नीतू हसून म्हणाली होती.

शनिवारी फरशीवर चादर अंथरून, पूजेचं मांडावं तसं दोघांनी सगळं मांडलं आणि एकाला एक जोडत गेले. डब्याच्या एका अंगाला काच होती. बटन दाबल्यावर आतला पंखा फिरला, निळा उजेड पडला, आणि नवराबायको लेकरांसारखे खिदळले. पुष्पाबाई दारात उभी राहून ऐकत होती. पावसाळ्यासाठी वड्या-पापड भरून ठेवावेत, तसं ते हसणं कुठेतरी भरून ठेवावं असं तिला वाटलं. कारण ते या घरात राहील की नाही, हे त्या काचेच्या डब्यावरच होतं.

नीतू घरांचे नकाशे काढायची. साकोलीची पोर, नागपूरच्या एका ऑफिसात कामाला होती, लग्न होऊन कुडव्याला आली. ऑफिसवाल्यांनी काही दिवस सांभाळून घेतलं. पण तिचा जुना लॅपटॉप असा, की भात चुलीवर ठेवावा, शिजवून उतरवावा, तेव्हा कुठे एक नकाशा उघडायचा. शेवटी ऑफिसनं सांगितलं, सोमवारपासून घरी दमदार मशीन असेल तर घरूनच कर. नसेल तर तुझी खुर्ची इथे आहे, परत ये. मोहितही एकदा जेवताना हळूच म्हणाला होता, "ती गेली त मी बी तिकडंच पाहतो काही." पुष्पाबाईनं त्याच्या ताटात भात वाढला होता आणि ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. गल्लीतली किती घरं तिनं पाहिली होती, लेकरं रायपूरला, नागपूरला, पुण्याला; संध्याकाळी तेवढा फोन वाजायचा आणि मग म्हातारा-म्हातारी टीव्हीचा आवाज वाढवून बसायची.

रविवारी सकाळी मोहित बिरसीच्या विमानतळावर ड्यूटीला गेला. नीतूनं सांगितलं, आता याच्यात विंडोज टाकायची. त्याच्याशिवाय हा नुसता लोखंडाचा डबा. दुपारपर्यंत होईल.

"आन तसंच सुरू करतेस?" पुष्पाबाई म्हणाली. "नारळ नाही, हरद-कुंकू नाही?"

नीतूची हरकत नव्हती. पुष्पाबाईनं काचेवर कुंकवाचं बोट लावलं, हळद लावली, दिवा ओवाळला. तिचा नवरा उमराव खाटेवर बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "मशीनले एवढी हरद? माह्या लगनात मले नव्हती लावली इतकी."

"तुमाले लावून का फायदा होता? रंग चढला असता का?"

नीतू ओढणीआड हसली. मग पुष्पाबाईनं वाटीत भिजवून ठेवलेलं हळदीचं कच्चं सूत बाहेर काढलं आणि डब्याकडे सगळ्या अंगांनी बघत विचारलं, "याच्यात काम शिरते कुठून?"

नीतूनं डब्याला समोरून खोचलेली अंगठ्याएवढी पेनड्राइव दाखवली. "इथून. सगळं याच्यातच भरून आणलं आहे. इथून आत जाते."

"म्हनजे हे तुडूम."

तुडूम म्हणजे तलावाच्या पोटाशी असलेलं पाण्याचं दार. पुष्पाबाईचं माहेर चोरखमाऱ्याकडचं, तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातलं. गावच्या तलावाचं पाणी सोडायची वेळ आली की तिचा बाप हळदीचं सूत घेऊन पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जायचा, तुडमाच्या खुंट्याला बांधायचा, आणि मगच पाणी मोकळं करायचा. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, खालच्यातून त्याच्याही खालच्या, असं उतरत उतरत शेवटच्या माणसाच्या शेतात पोचलं, त्यानं तिकडून हाळी दिली, की मग सूत सुटायचं. त्याच्या आधी त्या सुताला कोणी हात लावायचा नाही, जावयानंसुद्धा.

हे सगळं तिनं पेनड्राइवच्या कडीतून सूत ओवता ओवता सुनेला सांगितलं. डब्याच्या पायाला वेढे दिले, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. आणि आठवण निघालीच तशी ती पुढचंही बोलून गेली. "एका साली कोनीतरी मधातच तोडलं सूत. त्याच पान्यात पार फुटली. धान गेलं सगऱ्या गावाचं. माहा बाप त्या साली दंडारीच्या नाचात उभा नाही झाला, कोनाच्या मंडईत नाही गेला. म्हनून सांगतो पोरी, काम पुरं होईस्तोवर याले हात लावजो नको."

"नाही लावत आई," नीतू म्हणाली आणि काम सुरू केलं.

पडद्यावर चित्र आलं, मग आकडे आले. पुष्पाबाई जवळच सुपात तांदूळ निवडत बसली. आकडा चढत होता, वीस, तीस, पन्नास. तिला तो धानाच्या पोत्यासारखा भरत चाललेला दिसायचा. शंभर झाले. पडदा काळा झाला. नीतूनं ओठ आवळले. पडदा उजळला, आणि पुन्हा तेच पहिलं चित्र! भाषा निवडा, पुढे जा.

"झालं का?"

"नाही आई. पुन्हा मागते आहे."

पुन्हा आकडे चढले. पुन्हा काळोख. पुन्हा तेच चित्र. धान्याचं पोतं गळ्यापर्यंत भरावं आणि कोणीतरी तळाची शिवण उसवून द्यावी, तसं चाललं होतं. नीतूनं मशीन बंद केलं, काच काढली, आठवणीची पट्टी उपसून पुन्हा दाबून बसवली, स्क्रू आवळले, तारा ओढून बघितल्या. तिच्या अंगठ्याला स्क्रूड्रायव्हरचा फोड आला. पुन्हा सुरू. पुन्हा तेच.

"त्याले भूक लागली असन," उमराव म्हणाला. "आंबीलघुगऱ्या ठेव पुढं."

"तुमी मंडईत जा बरं," पुष्पाबाई म्हणाली. "इथं बसून पोरीचं डोस्कं खाऊन राहिले."

त्यालाही तेच हवं होतं. त्यानं टोपी झटकली आणि निघाला.

नीतू फोन घेऊन गच्चीवर गेली. तिचा मोठा भाऊ ओमेश रायपूरला नोकरीला होता आणि त्यानं आपला कॉम्प्युटर आपणच जोडला होता. त्याला विचारते म्हणाली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. रस्ता चुकलेल्या माणसाला रस्ता सापडावा, आणि नेमका त्या रस्त्यावर आडवा नाग बसलेला असावा, तसा. पुष्पाबाईनं विचारलं, "का म्हने तुहा भाऊ?"

"पाहू म्हणाला," नीतू म्हणाली. "होईल."

त्यानंतर पोरीची कामाची तऱ्हाच बदलली. सगळं करायची, पण मन लावून नाही. मशीन बंद करायची, चालू करायची आणि पडदा उजळायच्या आधी कीबोर्डवरचं एक बटन टकटकटक दाबत सुटायची. पण नवा पडदा आळशी. तो जागा होईस्तोवर ती वेळ निघून जायची आणि पुन्हा तेच पहिलं चित्र समोर. एकदा पडद्यावर वेगळ्याच इंग्रजी ओळी आल्या. नीतूनं त्या वाचल्या आणि तिचा हात आपोआप पेनड्राइवकडे गेला. सुताला बोट लागलं मात्र, हात परत आला.

पुष्पाबाईनं सुपातून मान वर केली. "का म्हनते तो?"

"काही नाही. पुन्हा सुरू करा म्हणते."

एवढ्या ओळी आणि एवढंच म्हणते? पुष्पाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण सुनेचा आवाज येत होता, आणि तो खोटा पडला होता. ती पुन्हा खडे वेचायला लागली. तांदळातला खडा हाताला लागत नव्हता, आणि मनातला लागून राहिला होता.

जेवण झालं. नीतूनं अर्धी पोळी ताटात ठेवली. तेवढ्यात नागपूरच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला, तो तिनं तिथेच घेतला. "हो मॅडम... हो, उद्या सकाळी लागेन कामाला... नाही, आज होऊन जाईल." मग थोडं ऐकलं आणि डाव्या हातानं ओढणीचा काठ चुरगाळत म्हणाली, "नाहीच झालं तर उद्याच्या पहिल्या गाडीनं निघते मी. बॅग भरूनच ठेवते."

बॅग भरूनच ठेवते! पुष्पाबाईनं ताटं उचलली आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात माणसाला थोडं एकटं राहता येतं.

नीतू वाळत घातलेले कपडे काढायला वर गेली आणि फोन टेबलावरच राहिला. तो वाजला. पुष्पाबाईनं ओल्या हातानं उचलला.

"झालं का बाई तुझं?" पलीकडून ओमेश बोलला.

"ओमेशभाऊ, मी होय, नीतूची सासू."

"नमस्कार मावशी! मंडई नाही का तुमच्याकडे? बरं, झालं का तिचं?"

"कुठं झालं बापा. सकारपासून तेच ते, तेच ते. भरते आन रिकामं होते."

"म्हणजे अजून पेनड्राइव काढलीच नाही का तिनं?"

पुष्पाबाईच्या हातातला फोन घट्ट झाला. "काढायची असते का?"

"मग! पहिल्यांदा भरून झालं आणि पडदा काळा झाला की काढायची. ती तशीच राहिली की मशीन पुन्हा तिच्यातूनच सुरू होते, स्वतःच्या पोटात पाहतच नाही. सकाळीच सांगितलं मी तिला. तर म्हणते, काढता येत नाही दादा, दुसरा उपाय सांग. आता काढता काऊन येत नाही? एवढीशी गोष्ट! मी म्हटलं मग आत जाऊन क्रम बदल, ते तिला जमून नाही राहिलं." तो हसला. "लग्न झाल्यावर अक्कल माहेरी विसरते का मावशी?"

"सांगतो तिले," पुष्पाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती खाटेवर बसली. भोंग्यावरचं गाणं अंगणात आलं आणि आज तुळशीपाशी थांबलंच नाही, थेट घरात घुसलं. सकाळपासून पोरीला माहीत होतं. एका बोटाचं काम होतं, आणि ती दिवसभर स्क्रू आवळत बसली. कायले? मनात एक वाईट विचार आला. जायचंच असलं तर माणूस असंच करते. घरच्यांना दिसायला पाहिजे, पोरीनं जिवाचं रान केलं, पण नशिबानं साथ दिली नाही. आणि मग सकाळची पहिली गाडी. पुष्पाबाईला तो विचार आला याची लाज वाटली, पण आलेला विचार काही उठून गेला नाही. पाव्हण्यासारखा बसूनच राहिला.

नीतू हातभर कपडे घेऊन खाली आली.

"ओमेशचा फोन होता," पुष्पाबाई म्हणाली.

नीतू जागच्या जागी थांबली. मोहितचा शर्ट कपड्यांतून घसरून खाली पडला, तो तिनं उचलला नाही.

"सकारपासून मालूम होतं तुले."

"आई..."

"जायचं असन त सरळ सांग ना वो. नागपूर काही विलायतीत नाही. कायले आमच्या डोऱ्यादेखत हे नाटक? मी का तुहा रस्ता अडवून बसली हावो?"

नीतूनं कपडे टेबलावर टाकले. आजवर ती या घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "जायचं असतं तर हा अंगठा पाहा माझा! असं कोणी करते का? एकदाच फोन करून सांगितलं असतं, मशीन खराब निघालं म्हणून. कोणाला कळलं असतं इथं?"

"मंग काऊन नाही काढलं?"

"तुम्ही बांधलं म्हणून!" तिचा आवाज फाटला. "तुम्ही सूत बांधलं, आणि वरून तुमच्या बाबांची गोष्ट सांगितली. पार फुटली, गावाचं धान गेलं. त्याच्यानंतर मी कोणत्या तोंडानं म्हणू, आई, हे काढा? आणि मी गपचूप काढलं असतं, आणि घरात काही झालं असतं, मोहित दिवसभर गाडीनं येते-जाते, त्याला काही झालं असतं, तर? तुम्ही मला बोलल्या नसत्या. मला माहीत आहे, तुम्ही तशा नाही. पण मनात आलं असतं की नाही? खरं सांगा."

पुष्पाबाईनं तोंड उघडलं. नाही वो, असं कसं, हे शब्द अगदी ओठावर होते. पण पोरीनं खरं विचारलं होतं.

"आलं असतं," ती म्हणाली.

काचेच्या डब्यातला पंखा तेवढा फिरत होता. नीतू खाली बसली, मोहितचा शर्ट उचलून घडी घालायला लागली, आणि घडी घालता घालता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुष्पाबाईही फरशीवर तिच्याजवळ येऊन बसली. आपल्या मनातला तो पाव्हणा कधी उठून गेला, तिला कळलंही नाही.

"मी बी एक खरं सांगतो," ती म्हणाली. "आता मले वाटलं, तुले जायचंच हाय, म्हनून तू असं करून राहिली."

नीतूनं मान वर केली. "मी?"

"मंग का मी? मॅडमले बॅग भरतो म्हनत होती."

"आई, मला नागपूरला त्या खोलीत परत जायचं नाही. चार जणी राहायचो, पंखा एक. भात कच्चा, वरण पिवळं पाणी. मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा मोहितला पाहून म्हटलं, पण अर्धं तुमच्या हातची भाजी खाऊन म्हटलं."

"चाल, खोटारडी," पुष्पाबाई म्हणाली आणि पदरानं तिचे डोळे जरा जोरातच पुसले.

मग ती डब्यासमोर सरकली आणि पेनड्राइवकडे बघत बसली. सूत वाळून कडक झालं होतं, हळदीचा रंग गडद झाला होता. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. फुटलेल्या पारीचं ते गढूळ पाणी तिनं परकर वर धरून पाहिलं होतं, तिच्या बापाचं तेव्हाचं तोंड पाहिलं होतं. त्या तोंडासमोर हे सूत सोडायचं होतं.

"मले सांग," ती म्हणाली, "याच्यातलं जे आत जायचं होतं, ते गेलं का?"

"कधीचंच गेलं. सकाळीच गेलं."

"आन आता काम कुठं बाकी हाय?"

"आता आतल्या आत. बाहेरून काही यायचं नाही."

"मंग हे उघडं कायले ठेवलं आपन? तुडूम उघडंच ठेवलं त बांध्या भरत नाहीत, वाहून जातात. माहा बाप असता त मलेच बोलला असता." थोडं थांबून ती म्हणाली, "पन हाळी नाही आली अजून शेवटच्या शेतातून. तेवढं राहिलं हाय." तिनं हात जोडले, कोणाला ते सांगितलं नाही, आणि मग हलकेच बोलली, "बापाले मी पाहून घेईन. तू तुहं सुरू कर."

नीतूनं ब्लेड आणलं. पुष्पाबाईनं तिच्या हातावर चापट मारली. "तोडायचं नाही. सोडायचं."

"मग सुई आणते. पण लवकर सोडा आई. मधे किती वेळा बंद-चालू केलं, म्हणून मी एकदा शेवटचं भरायला लावते, आणि पडदा काळा झाला की लगेच काढायची आहे. नाहीतर पुन्हा तेच चित्र येईल."

आकडे चढायला लागले. पुष्पाबाईनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि सुईचं टोक गाठीत घातलं. सकाळी मोठ्या भक्तीनं मारलेली गाठ आता तिच्याशीच भांडत होती. भक्ती जरा कमी केली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"तीस झाले," नीतू म्हणाली.

"सांगू नको. गाठ पाहू दे मले."

ती गुणगुणायला लागली, लहानपणी जात्यावर बसल्यावर आपसूक ओठांवर यायचं तसं, जुळवत जुळवत.

पारीवर उभा बाई, उभा माहा बाप,
पान्याले म्हनते, जाय आपोआप.

"साठ," नीतू न राहवून म्हणाली, आणि तिनंही दुसऱ्या बाजूनं नख घातलं. दोघींची डोकी एकमेकींना लागली. वरची गाठ सैल झाली, सुटली. खालची राहिली.

"नव्वद! आई!"

"अवं होय वो, दिसते मले."

शंभर झाले. पडदा काळा झाला. गाठ सुटेना. पडदा उजळला आणि पुन्हा तेच, भाषा निवडा, पुढे जा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आधी पुष्पाबाईला हसू फुटलं, मग नीतूला. आता घाई नव्हती, म्हणून की काय, गाठ तिच्या तिच्या मनानं ढिली पडली. पुष्पाबाईनं सूत अलगद ओढून घेतलं, गुंडाळलं आणि देवापाशी नेऊन ठेवलं.

"आता?"

"आत सगळं भरलेलंच आहे. आता काढायची आणि नव्यानं चालू करायचं. तुम्हीच काढा."

"मी? मोडन बिडन."

"नाही मोडत."

पुष्पाबाईनं पेनड्राइव धरली, डोळे मिटले आणि ओढली. काही झालं नाही, ती नुसती हातात आली, भुईमुगाच्या शेंगेएवढी. नीतूनं बटन दाबलं.

पडदा काळा झाला. काळाच राहिला. पुष्पाबाईनं पेनड्राइव मुठीत घट्ट धरली. मग काळ्याच्या मधोमध बारीक पांढरे ठिपके आले आणि एकामागून एक गोल फिरायला लागले. दिवसभरात ते पहिल्यांदाच दिसत होते. खाली काहीतरी अक्षरं होती.

"का म्हनते? आता खरं सांगजो."

"थांबा म्हणते. तयारी करून राहिलो म्हणते."

थांबल्या. ठिपके रिंगण धरून फिरत राहिले. एकदा मधेच मशीन पुन्हा बंद होऊन सुरू झालं, तेव्हा पुष्पाबाईनं सुनेचं मनगट धरलं, आणि नीतूनं सांगितलं, आता व्हायचंच असते असं, तरी तिनं मनगट सोडलं नाही. पडदा निळा झाला. मशीननं देश विचारला, भाषा विचारली, नाव विचारलं. नीतू खुर्चीवर बसून पटापट उत्तरं देत गेली. आणि मग एकाएकी समोर एक मोठं उजळ चित्र उघडलं, खाली बारीक बारीक खुणा, एका कोपऱ्यात वेळ आणि तारीख.

नीतू खुर्चीत मागे टेकली.

"आली का हाळी?" पुष्पाबाईनं विचारलं.

"आली आई."

बाहेर फाटक वाजलं. उमराव जिलेबीचा पुडा घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "चालू झालं का तुमचं विमान, का मोहितले सांगू बिरसीहून धक्का द्यायले मानसं आन म्हनून?" पडदा पाहून तो गप्प झाला, चप्पल न काढताच आत आला, आणि बायको त्याला त्याबद्दल बोललीही नाही, तेव्हा त्याला कळलं की आज काहीतरी मोठं झालं आहे. त्यानं मुकाट्यानं पुडा उघडून पहिली जिलेबी नीतूच्या हातावर ठेवली.

नीतूनं चिकट हात ओढणीला पुसत मॅडमला फोन लावला. "झालं मॅडम... नाही, गाडीनं नाही येत. इथूनच." मग पुष्पाबाईकडे वळून म्हणाली, "महिन्यातून एखाद्या वेळी जावं लागेल आई. एका दिवसासाठी."

"जाजो. डबा देईन. तिथलं पिवळं पानी पिजो नको."

"उद्याचं काम पाठवलं आहे त्यांनी. पाहू का उघडून?"

पडद्यावर पांढऱ्यावर काळ्या रेषा उघडल्या. कोणाचं तरी व्हायचं घर. पुष्पाबाईला आधी नुसतं जाळं दिसलं. मग नीतूनं बोट फिरवून दाखवलं, हे दार, हा हॉल, हे स्वयंपाकघर, ही नवराबायकोची खोली, ही मुलांची. इथे बाल्कनी. इथे गाडी ठेवायची.

पुष्पाबाई जिलेबी हातात धरून बराच वेळ पाहत राहिली.

"आन याच्यात सासू कुठं झोपते?"

नीतूनं नकाशा पाहिला. मोठा करून पाहिला. "हॉलमध्ये असेल. दिवाणावर."

"पाव्हने येतात-जातात, टीव्ही चालते, तिथं? म्हातारीनं पाय कुठं पसरायचे? हे घर कोनी काढलं? त्याले माय नाही का?"

"मालकानं तसंच मागितलं असेल आई. तो सांगेल तसं आम्ही काढतो."

"मालकाले का कळते? तू काढून राहिली ना? मंग ते गाडीचं जरा इकडं सरकव. भित्त हलवता येते का याच्यात?"

"येते," नीतू म्हणाली. "याच्यात सगळं हलवता येते."

"मंग हलव."

उमरावनं खुर्ची ओढली. "खिडकी देजो वो त्या सासूले," तो म्हणाला, "नाही त दिवसभर हॉलमध्येच येऊन बसन."

नीतूनं आधी मालकाचा नकाशा होता तसा बाजूला ठेवला आणि मॅडमला दाखवायला म्हणून त्याचीच दुसरी प्रत उघडली. मग रेषेला धरलं आणि भिंत हळूहळू सरकायला लागली.